दीड फेरा

मला लोक दीडफेऱ्या म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण म्हणतात. चाळीस वर्षं मी कुलपं बनवली आणि दुरुस्त केली, आणि माझ्या हातच्या कुलपाला किल्ली दीड वेळा फिरवावी लागायची. बाकीच्यांच्या कुलपांना एक फेरा पुरतो. माझं म्हणणं असं, की एक फेरा चोरालाही येतो. पुढचा अर्धा त्याच्या ध्यानात येत नाही. गिऱ्हाइकं कुरकुरायची, दोन्ही हातांत पिशव्या असल्या की माझा उद्धारही करायची. पण तुमचं कुलूप फोडून घर लुटलं, असं सांगत आजवर कोणी आलं नाही.

हे आधी सांगतोय, कारण पुढे जो घोटाळा झाला तो त्या अर्ध्या फेऱ्यामुळे. घोटाळा माझाच. बायको म्हणाली, "हे सुरुवातीलाच कबूल करून टाका, म्हणजे शेवटी तुम्हीच बरोबर निघणार असं कुणाला वाटायला नको." घ्या, केलं कबूल.

तर ताई. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, ती त्याच इमारतीत तळमजल्यावर. मध्ये छत्तीस पायऱ्या. तिने लग्न केलं नाही; बत्तीस वर्षं ग्रंथालयात नोकरी केली आणि पुस्तकांशीच संसार केला म्हणा ना. परत आलेलं पुस्तक ती अंगठ्याखालून फरफर सोडायची, आणि एखादं पान गेलेलं असलं तर वाचकाला तिथल्या तिथे उभा करायची. "त्रेपन्न-चोपन्न कुठाय?" भलेभले त-त-प-प करायचे. पान गाळलेलं पुस्तक तिने कधी परत घेतलं नाही.

आणि नेमके अशा बाईचे डोळे गेले. एकदम नाही, तीन वर्षांत हळूहळू. आता समोर कोणी उभं आहे एवढं कळतं. कोण, ते आवाजावरून. अक्षर तर संपलंच. डॉक्टरांनी हात टेकले त्या दिवशी घरी येऊन ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "कपाटातली एकशे बारा पुस्तकं वाचायची राहिली रे."  मी छाती पुढे काढून म्हणालो, "मी आहे ना! मी वाचून दाखवतो."

म्हणायला काय जातं? रोज दुपारी तिच्यासमोर बसून वाचायला लागलो आणि रोज दुपारी भांडण. "हळू वाच." "परत वाच ते." "स्वल्पविराम खाल्लास." अहो, मी कुलपं करणारा माणूस, मला स्वल्पविराम दिसतो तरी का! दोन महिन्यांत आमची तोंडं दोन दिशांना झाली. शेवटी परगावी असलेल्या आमच्या मुलीने तोडगा काढला. मी वर, माझ्या खोलीत, कॉम्प्युटरसमोर बसून वाचायचं. आवाज त्यात भरला जातो. तो 'ताई' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. खाली ताईकडे बोलणारा कॉम्प्युटर आहे. तिने दुपारी चारला एक बटण दाबलं की माझा आवाज तिच्या खोलीत सुरू. हवं तिथे थांबवा, हवं तितकं मागे न्या, आणि वाचणाऱ्याला शिव्या घातल्या तरी त्याला ऐकू जात नाहीत. जिन्याच्या कडेने वायर मी स्वतः ओढली, दर वीतभर अंतरावर पट्टी ठोकून. बोटाला बटण चटकन लागावं म्हणून त्याच्यावर जुन्या किल्लीची पितळी चकती चिकटवली.

सात महिने दृष्ट लागण्यासारखे गेले. मी रोज सकाळी तासभर वाचायचो, संध्याकाळी ताईचा फोन यायचा. "आज बरा होतास," एवढंच म्हणायची. तेवढ्यावर माझी रात्रीची झोप छान व्हायची. सत्तर वर्षांचा झालो तरी तिने बरं म्हटलं की मला अजून बरं वाटतं, यात लपवायचं काय?

मग मी पाय मोडून घेतला. दाराची वरची बिजागरी कुरकुरत होती, तिला तेल घालायला स्टुलावर चढलो आणि तेलासकट खाली आलो. सहा आठवडे प्लास्टर. मला छत्तीस पायऱ्या उतरता येईनात, ताईच्या गुडघ्यांना त्या चढता येत नाहीत. एका इमारतीत राहून आम्ही एकमेकांना भेटेनासे झालो. राहिली ती वायर आणि तो फोल्डर.

आता भांडणाकडे येतो. त्या वेळी आम्ही एक सातशे पानांची कादंबरी वाचत होतो. नदीकाठच्या एका नावाड्यांच्या घराण्याची. त्यात एक म्हातारी आत्या आहे, नजर गेलेली, दिवसभर खिडकीशी खुर्चीत बसणारी. वल्ह्याच्या आवाजावरून कुणाची नाव आली ते सांगते. ताईची ती फार लाडकी. मी तेविसावं प्रकरण उघडलं आणि आधी नजर फिरवली, तर त्यात ती म्हातारी मरते. खुर्चीतच.

मला वाचवेना. पुस्तक मिटलं, बाल्कनीत कुबड्यांवर दहा मिनिटं उभा राहिलो, आत आलो आणि सरळ चोविसावं प्रकरण वाचून फोल्डरमध्ये ठेवलं. म्हटलं, सातशे पानांत आठ पानं कुणाला कळतात!

संध्याकाळी फोन आला. "बावीसमध्ये खुर्चीत बसलेली बाई, आणि चोवीसमध्ये खुर्ची देऊन टाकतायत. बाई कुठे गेली?"

"गेली असेल कुठेतरी," मी म्हणालो.

"आठ पानं खाल्लीस तू."

"कंटाळवाणी होती म्हणून गाळली."

"कंटाळवाणं काय ते मी ठरवीन. माझे डोळे गेलेत, डोकं नाही गेलेलं. कुणी सांगितलं तुला माझ्यासाठी निवडायला? तुला जमत नसेल तर सांग, मी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेईन."

आता बघा, मला खरं सांगता आलं असतं. पण आमच्या घराण्यात खरं बोलायच्या आधी आवाज चढतो. मी म्हणालो, "घे मग दुसऱ्याकडून! आठ महिने घसा कोरडा केला त्याचं हे बक्षीस!" आणि फोन आपटला. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी आम्ही भावंडं. लहानपणीही मी रुसलो की अडगळीच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून घ्यायचो. ताई काय करायची, तर दाराबाहेर बसून तिचं गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचायला लागायची. मधेच दारावर टकटक करायची आणि पुढे वाचायची. दारातून अर्धंच ऐकू यायचं; शेवटी पुढे काय झालं ते कळावं म्हणून मीच कडी काढायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन. तिच्या ऑफिसात कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये बाहेरचं कोणी शिरलं होतं म्हणे. "बाबा, तुमच्याकडे फायरवॉल चालू आहे ना?"

"कसली वॉल?"

"आतलीच असते. कॉम्प्युटरबरोबरच येते, वेगळी आणायची नसते. नुसती चालू आहे की नाही ते बघा." मग तिने सांगितलं तिथे तिथे मी गेलो. तर लाल खूण! बंद. आठ महिन्यांपूर्वी ताईचा फोल्डर जोडायला आलेल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने घाईत ती बंद करून ठेवली होती आणि तो निघून गेला होता.

माझं टाळकंच सटकलं. चाळीस वर्षं मी गावाला कुलपं लावतोय आणि माझ्याच घराचं दार आठ महिने सताड उघडं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी त्या दुकानदाराच्या नावाने जे बोललो ते मुलीने फोनवर ऐकलं, आणि म्हणाली, "बाबा, झालं का? आता चालू करूया."

तिने समजावून सांगितलं तेव्हा मात्र मी खूश झालो. म्हणाली, ही भिंत म्हणजे दारावरचा माणूस समजा. तुम्ही आतून कुणाला हाक मारली तर त्याचं उत्तर तो आत येऊ देतो. पण बाहेरून आपणहून कोणी आलं, तर यादीत नाव असलं तरच आत. मी विचारलं, "आणि नाव नसलं तर? हाकलून देतो?"

"नाही. काही बोलतच नाही. गप्प बसतो. ठोठावणाऱ्याला वाटतं, घरात कोणी नाहीच."

वा! मी मांडीवर थाप मारली. अहो, नाही म्हटलं की चोराला कळतं आत कोणीतरी आहे. गप्प बसण्यासारखं कुलूप नाही. असं कुलूप मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं.

मुलीने मग नेटवर्क 'खाजगी', म्हणजे घरचंच, आहे याची खात्री करून घेतली, ताईच्या फोल्डरचं नाव परवानगीच्या यादीत आहे ना ते बघायला लावलं, भिंत चालू झाली, हिरवी खूण आली. "झालं," ती म्हणाली. "आता एकदा आत्याला खाली बटण दाबायला सांगा, म्हणजे चालतंय ना ते कळेल."

"बघतो, बघतो," मी म्हणालो. आदल्या संध्याकाळी फोन आपटलेला. मी होऊन ताईला फोन करणार? छे!

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. कुलूप बसवलं की मी गिऱ्हाइकाला आत ठेवायचो, स्वतः बाहेर जायचो आणि म्हणायचो, आता दार लावून घ्या. मग बाहेरून किल्ली लावून बघायचो. आतून सगळीच कुलपं चांगली वाटतात. हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी हा पहिला धडा दिला, आणि बाहेरून न बघता काम संपलं म्हणणाऱ्याला घरी पाठवलं. आणि स्वतः काय केलं? मुलीने फोन ठेवल्यावर आतूनच त्या हिरव्या खुणेकडे बघत बसलो आणि म्हणालो, ठीक आहे, पण हा झाला एक फेरा.

अर्धा फेरा कुठे आहे ते शोधायला लागलो. सापडला! खाली एक चौकट होती: 'येणाऱ्या सगळ्या जोडण्या अडवा, परवानगीच्या यादीतल्यासुद्धा.' मी टकन खूण केली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. पण खरं सांगतो, त्या क्षणी ताई माझ्या डोक्यातच आली नाही. येणाऱ्या म्हणजे बाहेरच्या. ताई कुठे बाहेरची? ती घरातलीच. शिवाय माझा समज असा, की वाचलेलं मी तिला पाठवतो. प्रत्यक्षात मी काहीच पाठवत नव्हतो. मी ते माझ्या खोलीत ठेवत होतो, आणि रोज चार वाजता ताईचं यंत्र जिना चढून माझ्या दाराशी येत होतं आणि घेऊन जात होतं. त्या दिवसापासून ते आलं की दारावरचा माणूस गप्प बसायला लागला.

तुम्हाला आत्ता कळलं. मला नऊ दिवस लागले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ताईचं म्हणणं बरोबर होतं, आणि ती बरोबर असली की मला फार त्रास होतो. सकाळी उठलो, दार लोटलं, बायकोला म्हटलं आत येऊ नकोस. तेविसावं प्रकरण उघडलं आणि आधी म्हणालो, "ताई, चुकलो. कंटाळवाणं नव्हतं. मला वाचवेना म्हणून गाळलं. आता वाचतो, सगळं वाचतो." आठ पानांना पाऊण तास लागला. का लागला ते पुढे येईल. फोल्डरमध्ये ठेवलं आणि संध्याकाळच्या फोनची वाट बघत बसलो.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आयुष्यात मी किती वेळा चुकलो म्हणालो असेन? बायकोला विचाराल तर ती म्हणेल एकदाही नाही. आणि एवढं मी बोललो, आणि त्यावर हूं नाही की चूं नाही! पहिले दोन दिवस वाईट वाटलं, मग राग आला, आणि पाचव्या दिवसापासून भीती वाटायला लागली. वाटलं, तुटलं. ही आता पंचाहत्तरच्या पुढची. माझ्यावर रागावूनच गेली तर मी काय करू? आणि मी आपला रोज नवीन प्रकरण वाचून ठेवतच होतो, कोणी ऐकत नसताना.

तुम्ही विचाराल, बायको काय करत होती? ती रोज दुपारी बारा वाजता ताईचा डबा घेऊन खाली जायची. पण तिचा एक नियम आहे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी आणि ताई असेच भांडलो होतो, आणि ही बिचारी इकडचे निरोप तिकडे नेत होती. शेवटी आमचं गोड झालं आणि दोघांनी मिळून हिलाच बोल लावला, की तू सांगताना चढवून सांगितलंस. त्या दिवशी ती म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ, तुमचं तुम्ही बघा. मी यापुढे टपाल वाहणार नाही." बेचाळीस वर्षं पाळलं तिने.

तरी सातव्या दिवशी मी खडा टाकून बघितला. "बरी आहे का गं?"

"कोण?"

"कोण काय! खाली."

"डबा खाल्ला. अर्धा."

"अर्धा का?"

"मी डबा नेते, पोट तपासत नाही," ती म्हणाली, आणि आत गेली. पण जाताना नाक ओढल्याचा आवाज आला मला.

नवव्या दिवशी प्लास्टर काढलं. दवाखान्यात उशीर झाला. परत आलो तेव्हा रिक्षातून उतरून एका हातात काठी, दुसरा हात बायकोच्या खांद्यावर, पायात जीव नाही. इमारतीच्या दारातून आत शिरलं की जिन्याच्या आधी ताईचं दार लागतं. वाटेत मी मनाशी ठरवून टाकलं होतं: थांबायचं नाही. मी चुकलो म्हणालोय, आता तिची पाळी. मान ताठ ठेवायची आणि जिना चढायचा.

दार लोटलेलं होतं. आतून एक बाईचा आवाज आला, यंत्रातला, सपाट. "प्रतिसाद मिळत नाही."

मग टक. चकतीवर बोट पडल्याचा आवाज. पितळेचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो.

"प्रतिसाद मिळत नाही."

थोडा वेळ शांत. पुन्हा टक.

"प्रतिसाद मिळत नाही."

मी तिथेच उभा राहिलो. बायको म्हणाली, "पाय दुखतोय का?" मी बोटाने गप्प राहा म्हटलं. फटीतून दिसणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. चाळीस वर्षं सगळ्या गावाला सांगत आलो की कुलूप बाहेर उभं राहून बघायचं, आणि आज पहिल्यांदा मी माझ्या कुलपाच्या बाहेर उभा होतो. सगळं एका दमात डोक्यात शिरलं. चौकट, अर्धा फेरा, गप्प बसणारा माणूस. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी. आणि माझा संन्यासी आत खुर्चीत बसून बटण दाबत होता.

मी दार ढकललं. ताईने मान वळवली. मी काही बोलायच्या आधी म्हणाली, "प्लास्टर काढलं वाटतं. काठीचा आवाज नवा आहे."

"ताई, तू किती दिवस दाबतेयस ते?"

"चार वाजले की दाबते."

"रोज?"

"रोज."

"आणि रोज हेच म्हणतं?"

"रोज हेच म्हणतं." मग म्हणाली, "तू फोल्डर काढून टाकलास ना. काढ बाबा. घसा कोरडा होतो."

असं वाटलं की ती काठी स्वतःच्याच डोक्यात घालावी. "अगं, काढला नाही! देवाशपथ नाही! भिंत बांधली गं मी. चोरांसाठी. तुला अडवायला नाही बांधली." आणि मग सगळं सांगितलं, एकावर एक, मधे श्वास न घेता. दुकानदार, मुलीचा फोन, हिरवी खूण, ती चौकट. "मुलगी म्हणाली होती आत्याला बटण दाबायला सांगून बघा. मी तुझ्यावर रागावलो होतो म्हणून सांगितलं नाही."

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे एक फेरा लेकीने दिला आणि अर्धा तू."

"हो."

"गाढवा," ती म्हणाली. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू.

"पण ताई, नऊ दिवस उत्तर नाही आलं तर दाबत का राहिलीस? फोन करून शिव्या का नाही घातल्यास?"

"शिव्या घातल्या असत्या तर तू आणखी आत गेला असतास. तू कडी लावून घेतलीस की मला दाराशी बसायची सवय आहे. कधी ना कधी काढतोस."

मला खाली बसावंच लागलं, तिच्या खुर्चीशेजारच्या बुटक्या स्टुलावर. बायको दारात उभी होती, डोळे पुसत. मी म्हणालो, "मी वर जातो आणि ती खूण काढतो." उठायला गेलो तर पाय कापायला लागला.

"बसा खाली," बायको म्हणाली. "नवा पाय मोडून घ्यायचाय का? मी जाते. कुठली चौकट ते जिन्यावरून ओरडून सांगा. आज एवढं एक टपाल नेते." आणि छत्तीस पायऱ्या चढून गेली. मग सगळ्या इमारतीला आमची फायरवॉल पाठ झाली. मी खालून ओरडतोय, "सगळ्या जोडण्या अडवा म्हणतंय का?" ती वरून, "म्हणतंय!" मी, "त्याच्यापुढची खूण काढ!" ती, "काढली! भिंत पण बंद करू?" मी, "भिंत राहू दे! एक फेरा राहू दे!" पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाई दार उघडून विचारतायत, "काय झालं हो, चोर आला का?"

मी बाहेर होतो. या वेळी नियमाने बाहेर होतो. ताईला म्हटलं, "आता दाब."

टक.

आणि माझा आवाज सुरू झाला. "ताई, चुकलो."

मी मान खाली घातली. स्वतःचं चुकलो म्हणणं स्वतःच्या कानांनी, ज्याला म्हटलं त्याच्याशेजारी बसून ऐकणं ही काय शिक्षा आहे, ती कुणी भोगलीय का तुम्ही?  ताईचा हात माझ्या डोक्यावर आला, तिने दोन वेळा थोपटलं आणि तो तिथेच राहिला. वाचन पुढे चाललं. म्हातारी खिडकीशी बसली आहे. संध्याकाळ होतेय. एकेक नाव घाटाला लागतेय आणि ती कुणाची ते म्हातारी सांगतेय, ही याची, ही त्याची. पुतण्याची नाव अजून यायचीय. मग लांबून तिला त्याच्या वल्ह्याचा आवाज येतो. ती म्हणते, आला. आणि तेवढंच.

त्या ठिकाणी माझा आवाज थांबला होता. यंत्रातून नुसतं शांत. मग नाक शिंकरल्याचा आवाज, मग खुर्ची सरकली, मग परत नाक. कितीतरी वेळ. मला तो भाग पुढे न्यायचा होता. मी चकतीकडे हात नेला तर ताईने माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "ते पण वाचनच आहे."

आठ पानं संपली तेव्हा खिडकीतलं ऊन जमिनीवर उतरलं होतं.  मी म्हणालो, "म्हणून गाळलं होतं गं. ती तुझ्यासारखी होती. तुला कशाला ऐकवायचं, असं वाटलं. मला तू... मला ते नको होतं."

"अरे वेड्या," ती म्हणाली, आणि चेहरा हसरा होता तिचा. "खुर्चीत बसून, ज्याची वाट बघत होती तो आल्याचं ऐकून गेली ती. इतकं चांगलं मरण, आणि तू ते माझ्यापासून कुलूप लावून ठेवत होतास?"

 बायको वरून खाली येऊन उंबऱ्यात बसली होती, तिने विचारलं, "वन्सं, चहा टाकू का?"

"टाक. याच्या चहात साखर जास्त घाल, रडून रडून थकलाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पुढची प्रकरणंही ठेवलीयस का?"

"रोज एक. एकतीसपर्यंत."

"कोणी ऐकत नसताना?"

"हो."

 ती खुर्चीतच जरा पुढे सरकली, बोटांनी चकती चाचपली आणि म्हणाली, "पाय दुखत नसेल तर थांब जरा. चोवीस परत लावते. खुर्ची देऊन टाकतात तिथे भरभर वाचून टाकलं होतंस." आणि टक केलं.